साचे बघायला गेले त्याची गोष्ट

व्हिसाच्या फॉर्मवर ‘प्रवासाचा हेतू’ असा एक रकाना असतो. तिथे मी ‘शैक्षणिक दौरा’ असं लिहिलं. बाबांनी काळाचौकीच्या आमच्या खोलीत खाटेवर बसून तो फॉर्म उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, “म्हणजे तिकडं जाऊन नक्की बघणार काय?”

“गिरण्या.”

ते हसले. “इथं होत्या तेव्हा कधी आत आलीस?”

आले नव्हते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा मी सात वर्षांची होते. पुढे गिरणगावावर पीएच.डी. केली, वीस वर्षं कॉलेजात इतिहास शिकवला, पण चालू साचेखात्यात, म्हणजे कापड विणणारे यंत्रमाग (साचे) चालतात त्या खात्यात, मी एकदाही पाऊल टाकलं नव्हतं. माझी गिरणी कागदावरची: अहवाल, हजेरीपटाच्या झेरॉक्स, वर्तमानपत्रांची कात्रणं. बाबा तीस वर्षं साचेवाले होते आणि त्यांची मुलाखत मी एकदाच घेतली, तीही टेप बंद पडल्यामुळे अर्धीच.

एका संशोधन-शिष्यवृत्तीतून हा दौरा ठरला होता. सतरा दिवस, मँचेस्टर आणि आसपासची गावं, मग बेल्जियममधलं गेंट, मग पोलंडमधलं एक शहर. आम्ही अकरा जण. सोलापूरचे एक मास्तर, जुन्या गिरणीच्या परिसरातच वाढलेले. अहमदाबादचे एक भाई, तिथल्या गिरणी कामगारांच्या मजूर महाजन संघावर काम करणारे. एम्प्रेस मिलवर लिहिणाऱ्या नागपूरच्या मॅडम. ढाक्याची एक तरुण मुलगी, जी सगळ्यांना ‘आपा’ आणि ‘भाई’ म्हणायची आणि सर्वांत जास्त प्रश्न विचारायची. बाकीच्यांबद्दल जागेअभावी लिहीत नाही, त्यांनी रागावू नये.

आधी कागदपत्रांची कथा सांगते, कारण पुढे कुणी जाणार असेल तर तिथेच घोडं अडतं. दौरा सप्टेंबर 2023 चा. धावपळ मे महिन्यात सुरू झाली. ब्रिटन शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही, म्हणजे व्हिसे दोन आणि पासपोर्ट एक. एकाकडे तो जमा असेपर्यंत दुसरीकडे अर्ज करता येत नाही. शिवाय शेंगेनचा अर्ज जिथे आधी उतरणार त्या देशाकडे नव्हे, जिथे जास्त मुक्काम त्या देशाकडे करायचा. आमच्या तीन रात्री बेल्जियममध्ये, चार पोलंडमध्ये, म्हणून पोलंड. रात्री सारख्या असत्या तर पहिला देश. हे मला पटवून द्यायला आमच्या बिल्डिंगीतले तीन जण आले, आणि तिघांनीही उलटं सांगितलं.

प्रवास विमा किमान तीस हजार युरोंचा लागतो, कॉलेजचं ना हरकत पत्र लागतं, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट लागतं. माझ्या खात्यात भविष्यनिर्वाह निधीतून काढलेले दोन लाख एकदम जमा झाले होते. “मॅडम, त्याचा कागद जोडा. नाहीतर दाखवायला उसने आणले असं धरतात,” असं आमच्या हेडक्लार्कनी सांगितलं. वीस वर्षांत त्यांनी मला दिलेला हा सर्वांत उपयोगी सल्ला. ढाक्याच्या मुलीचा पासपोर्ट मात्र निघण्याच्या आदल्या संध्याकाळी हातात पडला. तोपर्यंत तिचं तिकीट दोनदा पुढे ढकलून झालं होतं.

निघायच्या दिवशी बाबांनी कपाटातून फडक्यात गुंडाळलेला धोटा काढला. साच्यात आडवा धागा इकडून तिकडे नेणारं हातभर लांबीचं गुळगुळीत लाकूड, दोन्ही टोकांना लोखंडी अणकुच्या. साचे भंगारात निघाले तेव्हाचा. “चोरून नाही आणला,” त्यांनी चाळीस वर्षांत चाळीस वेळा सांगितलेलं पुन्हा सांगितलं, “मुकादमाला विचारून आणला. तिकडं दाखव. आणि साचा चालू असेल तर आवाज ऐकून ये.” मी तो हातातल्या बॅगेत ठेवला होता. भाचा म्हणाला, “मावशी, हे विमानात? शस्त्र म्हणून धरतील तुला.” मग टर्मिनल दोनच्या काउंटरसमोर जमिनीवर सुटकेस उघडली आणि चिवडा, लसणाची चटणी, स्वेटर यांच्या मध्ये धोटा कोंबला. मागची रांग बघत होती.

मँचेस्टरला पाऊस होता. आपल्यासारखा धो-धो नव्हे. सकाळपासून रात्रीपर्यंत नुसती भुरभुर, छत्री उघडावी की नको अशी. संयोजक बाई म्हणाल्या, सूतगिरण्या इथे वाढल्या त्यामागे या दमट हवेचाही हात आहे, कोरड्या हवेत सुताची तार तुटते. मला आठवलं, बाबा सांगायचे की खात्यात वाफ सोडायचे आणि घामानं अंगाला कापूस चिकटायचा. मुंबईची हवा मुळातच दमट, तरी.

संयोजक बाईंचा एक नियम होता. रोज रात्री झोपण्याआधी प्रत्येकाने एक पान लिहायचं, ‘आज माझी कुठली समजूत मोडली’. काय बघितलं ते लिहायचं नाही, समजूत काय होती आणि ती कशामुळे मोडली तेवढंच. पहिल्या रात्री आम्ही सगळ्यांनी कुरकुर केली. मास्तर म्हणाले, “आमची समजूत मोडत नाही हो, आम्ही सोलापूरचे.” सतराव्या रात्री सर्वांत जाड वही त्यांचीच होती.

पहिल्या दिवशी रॉयल एक्स्चेंज. कापसाच्या व्यापाराचा तो प्रचंड हॉल. आता त्याच्या पोटात एक नाट्यगृह आहे, काचेच्या आणि लोखंडी सांगाड्याचं, एखादं यान येऊन बसावं तसं. पण वर भिंतीवरचा भावफलक तसाच आहे. 1968 च्या शेवटी व्यवहार बंद झाले, त्या शेवटच्या दिवसाचे भाव अजून लावलेले. आम्ही माना वर करून उभे. अहमदाबादच्या भाईंनी वहीत आकडे उतरवायला सुरुवात केली, सवय. मी कॉटन ग्रीनला राहिलेली मुलगी. तिथल्या कापूस बाजाराचा शेवटचा भाव कुठे लिहून ठेवलाय का, असा प्रश्न पडला. उत्तर माहीत होतं.

जवळच लिंकन स्क्वेअर आहे. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाचा पुतळा मँचेस्टरमध्ये का, तर अमेरिकेतल्या यादवी युद्धात दक्षिणेकडचा कापूस बंद झाला, इथल्या गिरण्या ठप्प झाल्या, माणसं उपाशी राहिली, आणि तरीही इथल्या कामगारांनी सभा घेऊन गुलामगिरीविरुद्ध उत्तरेला पाठिंबा दिला. लिंकनने जानेवारी 1863 मध्ये त्यांना पत्र लिहिलं, त्यातला उतारा चौथऱ्यावर कोरलेला आहे. हे मी वर्गात शिकवते. पण त्याच वर्षांत मुंबईत काय चाललं होतं, हे या वाक्याला जोडून मी कधी शिकवलं नव्हतं. इथली उपासमार म्हणजे तिथली चंगळ. आपल्या कापसाचे भाव भडकले, मुंबईत पैशाचा पूर आला, शेअरचं वेड लागलं, समुद्र बुजवायच्या कंपन्या निघाल्या, आणि 1865 मध्ये युद्ध संपताच सगळं कोसळलं. कापसाचे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून राजाबाई टॉवर उभा राहिला तो याच काळातल्या पैशावर. त्या टॉवरखालच्या वाचनालयात बसून मी लँकेशायरच्या, म्हणजे मँचेस्टरभोवतालच्या या गिरणीपट्ट्याच्या, भुकेवर टिपणं काढली आहेत! तिकडचे कामगार मात्र आपल्या कापसावर वैतागलेले. आखूड धाग्याचा, कचरा मिसळलेला, सारखा तुटणारा. त्याला ते ‘सुरत’ म्हणत आणि ‘सुरत’ हा शब्दच वाईट मालासाठी रूढ झाला. भाई जन्माने सुरतचे. दिवसभर आम्ही त्यांना सोडलं नाही.

चेटम ग्रंथालय 1653 पासून चालू आहे. 1845 च्या उन्हाळ्यात मार्क्स आणि एंगल्स जिथे बसून वाचत, तो खिडकीतला टेबल आहे, बसायला मुभाही आहे. अकरा विद्वान रांगेत, प्रत्येकाचा फोटो, वर खोटं-खोटं गंभीर तोंड. मीही काढला. मास्तरांनी फोटो काढला नाही, टेबलाच्या कडेवरून फक्त तळहात फिरवला आणि बाजूला झाले. मला ते त्या वेळी जरा नाटकी वाटलं. नंतर कळलं, त्यांचा मोबाइल चार्ज नव्हता.

सॅल्फर्डचं कामगार चळवळीचं ग्रंथालय मला त्याहून जवळचं वाटलं. रूथ आणि एडी फ्रो या जोडप्याने आयुष्यभर कामगार चळवळीची पुस्तकं, पत्रकं, बिल्ले गोळा केले. आधी स्वतःच्या घरात, घर भरलं तेव्हा ही इमारत मिळाली. पेन चालत नाही, पेन्सिल आणायची. पिशवी बाहेर. जुन्या पुस्तिकेला पाठ टेकायला फोमची उशी. मीरत खटल्यातल्या, म्हणजे 1929 मध्ये ब्रिटिश सरकारने कम्युनिस्ट आणि कामगार पुढाऱ्यांवर भरलेल्या कटाच्या खटल्यातल्या, कैद्यांच्या बाजूने इंग्लंडमध्ये निघालेल्या पुस्तिका पुढ्यात आल्या. 1928 च्या संपानंतर आपल्या गिरणी कामगार युनियनचे डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर आरोपीच्या पिंजऱ्यात, आणि त्यांच्याच बाकावर लँकेशायरचा लेस्टर हचिन्सन, जो पुढे मँचेस्टरमधूनच खासदार झाला. तो संप पेटला त्यामागे एक मोठं कारण होतं: एका माणसाकडे दोनाऐवजी जास्त साचे द्यायचे, मजूर कमी करायचे. ‘दोन साचे’ हा शब्द मी प्रबंधात साठ-सत्तर वेळा वापरला असेल.

डारवेनला आम्ही मुख्यतः भाईंच्या हट्टामुळे गेलो. सप्टेंबर 1931 मध्ये गोलमेज परिषदेच्या वेळी गांधीजी लँकेशायरला गेले, विदेशी कापडावरच्या बहिष्काराने ज्यांचे रोजगार गेले त्यांना भेटायला. स्प्रिंग वेल नावाच्या वस्तीत ते राहिले होते. गिरणीच्या बायकांनी त्यांना घेरलंय आणि सगळ्या हसताहेत, तो फोटो इथलाच. मला तो फोटो नेहमी थोडा सजवलेला वाटायचा. गावात फिरल्यावर कळलं, घरं किती लहान आहेत. खाली एक खोली, वर एक, मागे संडास. म्हणजे कारखानदार आणि कामगार या दोघांना मिळून आपण जे ‘लँकेशायर’ म्हणत आलो, ते एक कधीच नव्हतं. त्या रात्री माझं पान लवकर भरलं.

आता बर्नली. त्यासाठीच तर हे सगळं लिहायला घेतलंय.

मँचेस्टरहून आगगाडीने तासाभराचा रस्ता, मग टेकडीवर बस. तिथे क्वीन स्ट्रीट मिल आहे. 1895 ची विणकामाची गिरणी, वाफेवर चालणारी, तिच्यासारखी दुसरी आता उरलेली नाही. वाफेच्या इंजिनाचं नाव ‘पीस’, म्हणजे शांतता. इंजिन त्या दिवशी थंड होतं. दारावरच्या माहितीत एक तारीख होती, मी दोनदा वाचली. गिरणीचं काम बंद झालं मार्च 1982 मध्ये. म्हणजे आमचा संप सुरू होऊन दोन महिने झाले होते. बाबा तेव्हा रोज सकाळी उठून, सवयीने डबा मागून, मग आठवून पुन्हा खाटेवर बसायचे. त्याच आठवड्यांत इथे कुणीतरी शेवटचा साचा थांबवून घरी गेलं होतं.

दार उघडलं आणि आधी वास आला. तेल, ओलं लाकूड, कापूस. हा वास मला ओळखीचा होता आणि कुठून ते कळेना. मग कळलं: बाबांचा खाकी सदरा. आई तो वेगळा धुवायची.

आत सुमारे तीनशे साचे रांगेत, डोक्यावर लांबच लांब शाफ्ट, शाफ्टवरून प्रत्येक साच्याला उतरलेले चामडी पट्टे. साचे बर्नलीतच बनलेले. आमच्याकडच्या अनेक गिरण्यांत ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सची यंत्रं होती. बाबांना इंग्रजी वाचता येत नाही, पण लोखंडात ओतलेल्या त्या अक्षरांचा आकार ते अजून हवेत बोटाने काढून दाखवतात. दाखवायला आलेली बाई सत्तरीची, निवृत्त शिक्षिका, आता स्वयंसेवक. तिने एक साचा सुरू केला.

आवाजाबद्दल मी पंधरा पानं लिहिली आहेत. डेसिबल, बहिरेपण, कारखाना कायदा. त्यातल्या एकाही पानात हे नाही, की आवाज कानात नसतो, दातांत असतो. धोटा एका बाजूने सुटतो, दुसऱ्या बाजूला आपटतो, तिथून परत मार बसतो, आणि तो मार छातीच्या पिंजऱ्यात लागतो. हा एका साच्याचा. बाबांच्या खात्यात शेकडो होते, एका छपराखाली, आठ तास. ढाक्याच्या मुलीने कानांवर हात घेतले. मी घेतले नाहीत, बाबांनी ऐकून यायला सांगितलं होतं.

मग त्या बाईने साचा न थांबवता आमच्याशी बोलायला सुरुवात केली, आवाज न काढता. ओठ मोठे करून, गाल ताणून, भुवया वर, हातांनी खुणा. लँकेशायरच्या विणकर बायका अशाच बोलायच्या, शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. लहानपणी आमच्याकडे येणाऱ्या मैत्रिणी विचारायच्या, “तुझे बाबा सारखे चिडलेले का असतात?” मलाही तसंच वाटायचं. ते बोलताना तोंड वेडंवाकडं करायचे, डोळे मोठे करायचे, एक शब्द तीनदा. मी त्यांना शांत आवाजात बोलायला शिकवायचा प्रयत्न केला होता, कॉलेजात असताना, मोठ्या शहाणपणाने.

साचा थांबल्यावर मी धोटा काढला. ती बाई एकदम गंभीर झाली. दोन्ही हातांत घेतला, तोलून बघितला, आतली सुताची कांडी बसवायची जागा बघितली, मग बाजूच्या छोट्या भोकावर अंगठा ठेवला. कांडीची तार त्या भोकातून बाहेर काढायची असते. भोकाच्या कडेला सुताने घासून घासून केसाएवढी खाच पडली होती. मी तो धोटा लहानपणापासून बघतेय, ती खाच मला दिसली नव्हती. तिने ओठ भोकाजवळ नेऊन, न लावता, ओढल्यासारखं केलं आणि विचारलं, तुझे वडीलही अशीच तार ओढायचे का? इथे याला ‘धोट्याचं चुंबन’ म्हणायचे. एकाच धोट्याला अनेकांची तोंडं लागायची, आजार पसरायचे, दात जायचे, कापूस पोटात जायचा. मी म्हटलं, माहीत नाही. विचारून सांगते.

चहा घेताना तिने सांगितलं की हे संग्रहालय 2016 मध्ये पैशाअभावी बंद झालं होतं, पुढे पुन्हा उघडलं, तेही ठरावीक दिवशीच. ‘तिकडं सगळं जपतात’ ही माझी समजूत तिथे चहाबरोबर संपली. जपतात, पण दर अंदाजपत्रकाला जीव मुठीत धरून.

बाहेर आल्यावर ढाक्याची मुलगी बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “आपा, तुम्ही सगळे ‘गेलेलं’ बघताय. आमच्याकडे हे संग्रहालय नाही, हे आत्ता चालू आहे.” राणा प्लाझा, ढाक्याजवळची कपड्यांच्या कारखान्यांची इमारत, कोसळली तेव्हा ती कॉलेजात होती. 24 एप्रिल 2013, अकराशेहून जास्त माणसं. त्यानंतर आमच्या गटात कुणी ‘वारसा’ हा शब्द सहज वापरत नसे.

गेंटबद्दल थोडक्यात. लंडनहून आगगाडीने ब्रुसेल्स, तिथून अर्ध्या तासावर. लीव्हेन बाऊवेन्स नावाच्या माणसाने इंग्लंडमधून सूतकताईचं यंत्र सुटे भाग करून चोरून आणलं आणि गेंटची कापडगिरणी उभी राहिली. ते यंत्र उद्योग-संग्रहालयात आहे, बाऊवेन्सचा पुतळा चौकात. चोराचा पुतळा उभारणारं शहर मला आवडलं. इथेच माझं व्याख्यान होतं, गिरणगावातल्या खानावळींवर. गेंटच्या कामगारांची ‘फोरआउट’ नावाची सहकारी चळवळ 1880 च्या आसपास पावाच्या भट्टीतून सुरू झाली, पुढे तिने स्वतःचं भव्य सभागृह बांधलं. मी तिच्याशेजारी आपल्या खानावळवाल्या ठेवल्या, 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी त्यांना एकत्र करून काढलेलं अन्नपूर्णा महिला मंडळ ठेवलं. टाळ्या वगैरे झाल्या. मग मागच्या बाकावरून एका म्हाताऱ्या प्राध्यापकांनी विचारलं, या बायकांना लिहिता येत नव्हतं असं तुम्ही म्हणता, मग वीस-पंचवीस माणसांचा महिन्याचा हिशेब त्या ठेवत कशा?

मला उत्तर येईना. माझ्या आईची खानावळ होती. मी त्या खानावळीतल्या भाकऱ्यांवर शिकले.

रात्री फोन केला. मुंबईत साडेतीन तास पुढे, आई झोपायच्या बेतात. “हिशेब? दाराच्या मागं भिंतीवर कोळशानं. एकेकाची एकेक जागा. डबा नेला की रेघ, खाडा केला की फुली. पगार झाला की पुसायचं.” आणि कुणी बुडवले तर? “दिवाळीला चुना लावायच्या आधी वसूल करायचे. चुना लागला की गेले पैसे.” हे मी दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळी त्या प्राध्यापकांना सांगितलं. त्यांनी कागदी रुमालावर लिहून घेतलं आणि रुमाल नीट घडी करून खिशात ठेवला.

पोलंडमधल्या शहराचं नाव आम्ही पाच महिने ‘लॉड्झ’ म्हणत होतो. वॉर्सा स्टेशनवर तिकीट मागितलं तेव्हा खिडकीतल्या बाईला कळेचना. उच्चार ‘वूच’. अर्थ होडी. माझ्या व्हिसाच्या कव्हरिंग लेटरपासून मोडलेली ही समजूत.

वूचमध्ये पोझनान्स्की नावाच्या कारखानदाराची गिरणी आहे, लाल विटांची, सत्तावीस हेक्टरांची. 2006 पासून तिथे ‘मानुफाक्तुरा’ नावाचा मॉल आहे. लोकांनी मला आधीच सांगितलं होतं, “तुमच्या फिनिक्स मॉलसारखंच.” तसं नाही. इथे विटा आहेत, खिडक्या आहेत, गिरणीचं अंग उभं आहे. लोअर परळला चिमणी उभी आहे आणि तिच्याभोवती काच. पण आत कपड्यांच्या ब्रँडची तीच दुकानं, त्याच सेलच्या पाट्या. नागपूरच्या मॅडमनी एका शर्टाची आतली पट्टी उलटून दाखवली: बांगलादेशात बनवलेला. एम्प्रेस मिलच्या जागीही मॉलच आहे. त्या काही बोलल्या नाहीत, शर्ट परत हँगरला लावला, बटणंसुद्धा.

गिरणीच्या फाटकासमोर, रस्त्यापलीकडे, कामगारांची घरं आहेत. त्यांना ‘फामुवी’ म्हणतात. लाल विटांच्या लांब तीनमजली ओळी, आत अंगण. एका अंगणात आम्ही शिरलो. दोरीवर कपडे, खिडकीत मांजर, जिन्याखाली सायकल. चाळच. फक्त गॅलरी नाही, त्यामुळे भांडणं कुठे करत असतील असा मला प्रश्न पडला. खिडकीतून एक आजी आमच्याकडे बघत होत्या. दुभाष्या मुलाने सांगितलं, त्या गिरणीत सूतकताईचं काम करायच्या. फेब्रुवारी 1971 मध्ये अन्नधान्याच्या दरवाढीविरुद्ध वूचच्या गिरण्यांतल्या बायकांनी संप केला, खुद्द पंतप्रधान समजूत घालायला आले, आणि सरकारला दरवाढ मागे घ्यावी लागली. आजी होत्या का त्यात? होत्या. मला विचारायचे होते दहा प्रश्न. त्यांनी आधी मला एकच विचारला: तुमच्याकडे गिरणी गेल्यावर घरं कुणाला मिळाली?

आता हे दुभाष्यामार्फत कसं सांगायचं. 1991 च्या नियमात गिरण्यांच्या जमिनीचा एक-एक हिस्सा महापालिकेला, म्हाडाला आणि मालकाला होता; 2001 मध्ये तो नियम बदलून फक्त मोकळ्या जमिनीपुरता केला; 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो बदल टिकला; मग घरांची सोडत, त्यात आमच्या शेजारच्यांचं नाव लागलं, बाबांचं नाही. मी सगळं सांगितलं. दुभाष्याने दोन वाक्यांत आटोपलं. आजींनी मान हलवली, “आमच्याकडेही संडास जिन्याखालीच होते,” असं काहीसं म्हणाल्या आणि खिडकी लावून घेतली. दुभाषा म्हणाला, त्यांची मालिका सुरू झाली.

राडेगास्ट स्टेशनवरही गेलो. तिथून नाझींनी वूचच्या घेटोतल्या ज्यूंना खेल्मनो आणि आउश्विट्झच्या मृत्युछावण्यांत पाठवलं. त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही. त्या रात्री समजुतीचं पान कुणीच लिहिलं नाही आणि संयोजक बाईंनी मागितलंही नाही.

परतीच्या विमानात मास्तरांनी उरलेला चिवडा वाटला. मुंबईला पहाटे उतरले, टॅक्सीने काळाचौकीला. बाबा जागे होते. धोटा हातात दिला तर आधी त्याच्या दोन्ही टोकांवर बोट फिरवून बघितलं, कुठे लागलंय का.

“बाबा, तार तोंडानं ओढायचात?”

“मग काय सुई-दोरा करून ओवायची? साचा थांबतोय होय तोवर?”

“दात त्यामुळं गेले का?”

“दात तंबाखूनं गेले.” थोड्या वेळाने, “थोडे त्यानंही गेले असतील.”

मग मी मोबाइलवर बर्नलीचा व्हिडिओ लावला. त्यांनी कानातलं यंत्र काढून ठेवलं आणि मोबाइल तळहातावर उताणा धरला. आवाज पूर्ण. बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, “मार जरा ढिला आहे. उजवीकडचा.” मग म्हणाले, “किती साचे बघते ही बाई?”

“एकच.”

“एकच?” त्यांनी माझ्याकडे बघितलं. “आम्हाला दोनाचे चार करा म्हणून मागं लागले होते. एका साच्यावर पूर्ण पगार?”

“पगार नाही हो,” मी ओठ मोठे करून, सावकाश सांगितलं. “फुकट करते. हौस म्हणून.”

त्यांनी व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितला. मग आत बघून मोठ्याने हाक मारली, “अगं ऐकलंस का, तिकडं हौस म्हणून साचा चालवतात.”

“मग जा की तिकडं,” आतून आई म्हणाली. “इथं नुसते खाटेवर बसून असता.”